माशांच्या टँकमधलं काळं शेवाळ परत परत येतंय? मारायच्या आधी ते नीट बघा

काच घासली, पाणी बदललं, खराब पानं कापून टाकली. दोन आठवडे टँक लख्ख. तिसऱ्या आठवड्यात फिल्टरच्या तोंडापाशी तीच काळी लव, पाचव्या आठवड्यापर्यंत अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांना काळी झालर, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्या टँकमध्ये हे चक्र जवळजवळ वर्षभर चाललं. त्या वर्षात मी शेवाळ मारायला बरंच काही केलं आणि ते का येतंय हे शोधायला फारच थोडं. तुमच्याकडेही हेच चालू असेल, तर निदान माझं गेलेलं वर्ष तुमचं जाऊ नये.

आधी एक सांगते. थोडं शेवाळ असणं हा दोष नाही. मागच्या काचेवरचा पातळ हिरवा थर, लाकडावरची मऊ लव, यावर कोळंब्या आणि गोगलगायी चरतात, माशांची पिल्लं त्यातले सूक्ष्मजीव टिपतात. मी ते मुद्दाम ठेवते. काळजी करायची ती पानं झाकणाऱ्या, झाडांचा उजेड अडवणाऱ्या आणि काढलं तरी परत येणाऱ्या शेवाळाची.

नाव कळल्याशिवाय औषध नको

टँकमध्ये जे जे नको ते उगवतं त्या सगळ्याला आपण शेवाळ म्हणतो आणि सगळ्यांवर एकच उपाय करतो. इथंच निम्मी मेहनत वाया जाते.

टँक नवा असेल, म्हणजे पहिल्या दीड-दोन महिन्यांतला, आणि काचेवर-वाळूवर तपकिरी धुळीसारखा थर असेल, बोटानं सहज पुसला जात असेल, तर ते डायटम. काही करू नका. पुसा, वाट बघा, टँक स्थिरावला की ते बहुतेक वेळा आपोआप जातं.

काचेवर कडक हिरवे ठिपके असतील, स्पंजला दाद देत नसतील, तर ब्लेडनं खरवडा (अ‍ॅक्रिलिकच्या टँकला ब्लेड लावू नका, ओरखडे कायमचे राहतात). हेच ठिपके सावकाश वाढणाऱ्या झाडांच्या जुन्या पानांवर जास्त दिसत असतील, तर दिवा फार वेळ चालू राहतोय का ते बघा आणि फॉस्फेट मोजा. बऱ्याचदा ते जास्त नव्हे, कमी असतं. ऐकायला उलटं वाटतं, पण झाडं लावलेल्या टँकमध्ये थोडं फॉस्फेट घातल्यावर हे ठिपके यायचे थांबलेले मी स्वतः पाहिलेत.

पाणीच हिरवं झालं असेल, पलीकडचं दिसत नसेल, तर ते पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाचं काम. पाणी बदलून ते जात नाही, कारण उरलेल्या पेशी बघता बघता पुन्हा वाढतात. त्याला एक तर यूव्ही दिवा नाहीतर संपूर्ण अंधार.

लांब हिरवे धागे असतील तर जुना टूथब्रश घालून ते गुंडाळत काढा. पुढची लढाई तेवढ्यानं अर्धी होते.

निळसर हिरवी, सायीसारखी चादर वाळूवर पसरली असेल, पूर्णच्या पूर्ण सोलून निघत असेल आणि तिला कुबट वास येत असेल, तर मात्र थांबा. ते शेवाळच नाही, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला सुरुवात झाली ती सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, आणि तो ऑक्सिजन तयार करणारे यांचेच पूर्वज. इतक्या जुन्या आणि चिवट जिवाणूंसाठी टँकमध्ये शेवाळ खाणारे मासे आणून सोडले तरी उपयोग होत नाही, ते या चादरीला सहसा तोंडच लावत नाहीत. नळीनं चादर ओढून घ्या, जिथं ती येते तिथं पाणी खेळतंय का ते बघा, वाळू साफ करा आणि नायट्रेट मोजा. ते शून्य असेल तर झाडांची उपासमार चाललीय आणि सायनोला रान मोकळं मिळतंय. एरिथ्रोमायसिननं हे मरतं हे खरं. तरीही मी ते वापरू नका असंच सांगेन. माणसांच्या उपचाराचं प्रतिजैविक टँकमध्ये ओतून पुढे ते सांडपाण्यात सोडणं मला पटत नाही, आणि मूळ कारण तसंच राहिलं तर चादर परत येतेच.

आता मुख्य दुखणं: काळी दाढी

काळसर राखाडी, आखूड, ब्रशच्या केसांसारखे झुबके. पानांच्या कडांवर, लाकडावर, फिल्टरच्या तोंडावर. ओढलं तर निघत नाही, पान फाटतं. हौशी मंडळी याला काळी दाढी म्हणतात. दिसायला काळं असलं तरी हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं लाल शेवाळ आहे. खात्री करायची असेल तर एक झुबका काढून स्पिरिटमध्ये टाका. हिरवं क्लोरोफिल विरघळून जातं आणि झुबका लालसर दिसू लागतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वाटीकडे बघतच राहिले. आपण इतके दिवस कोणाशी लढतोय हे तेव्हा कळलं.

माझा टँक 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच. हिशेबानं 54 लिटर, वाळू आणि लाकूड वजा जाता प्रत्यक्ष पाणी 45 लिटरच्या आसपास. सोबत मागच्या काचेवर लटकणारा फिल्टर. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. झाडं बहुतेक सावकाश वाढणारी, अनुबियास आणि जावा फर्न. पुढचं सगळं या टँकबद्दल आहे हे लक्षात ठेवा, तुमचा वेगळा असेल.

पहिल्या सहा महिन्यांत मी तीन गोष्टी केल्या. लिक्विड कार्बन (झाडांसाठी बाटलीत मिळणारं, शेवाळही मारणारं द्रव्य) घातलं, शेवाळ गुलाबी होऊन मेलं, महिन्याभरात परत आलं, आणि त्या भानगडीत व्हॅलिसनेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती मात्र विरघळून गेली. (तिला आणि मॉसला हे द्रव्य सोसत नाही, ते मला नंतर कळलं.) मग हायड्रोजन पेरॉक्साइड. तीच कथा. मग शेवाळखाऊ म्हणून एक मासा आणला, त्यानं दाढीकडे बघितलंही नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं चाललं होतं.

मग मी एक वही घातली. रोज नाही, आठवड्यातून दोनदा. दिवा किती तास, खाणं किती, पाणी कधी आणि किती बदललं, फिल्टर कधी उघडला, शेवाळ कुठं दिसलं. या शेवटच्या रकान्यासाठी मी टँकचं साधं चित्र काढलं आणि त्यावर टिंब देत गेले. तीन महिन्यांनी टिंबांकडे बघितलं तर ती सगळीकडे सारखी नव्हती. फिल्टरचं पाणी पडतं त्या बाजूला आणि त्याच्या धारेत येणाऱ्या पानांच्या टोकांवर दाट, लांबच्या कोपऱ्यात जवळजवळ नाहीच. म्हणजे दिव्यापेक्षा धारेशी त्याचा जास्त संबंध होता. दिवा तर सगळीकडे सारखाच पडत होता.

तारखांमधून दुसरी गोष्ट सुटली. पाच वेळा शेवाळ उसळलं, त्यातले चार वेळा फिल्टरच्या स्पंजला सहा आठवडे किंवा जास्त हात लागलेला नव्हता. मी तो मुद्दामच धुवत नव्हते. फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू असतात, तो धुतला की ते मरतात, असं कुठंतरी मनात पक्कं बसलं होतं. अर्धं खरं आहे. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली खसखसून धुतलात तर मरतात. टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत हलकेच पिळलात तर बहुतेक टिकतात.

त्या दिवशी मी एक साधा प्रयोग केला आणि तो तुम्हीही करा. फिल्टरच्या धारेखाली एक लिटरचं भांडं धरलं आणि घड्याळ लावलं. भरायला 33 सेकंद लागले, म्हणजे तासाला 110 लिटरच्या आसपास. स्पंज बादलीत पिळला, नळीतला गाळ काढला, पुन्हा भांडं धरलं. 14 सेकंद. तासाला अडीचशे लिटरच्या वर. निम्म्याहून जास्त प्रवाह गाळात अडकला होता आणि रोज थोडा थोडा कमी झाल्यामुळे डोळ्यांना दिसला नव्हता.

आता यात काय होतं ते बघा. स्पंजमध्ये अडकलेली विष्ठा, सडकं पान, न खाल्लेला दाणा, हे सगळं तिथून बाहेर गेलेलं नसतं. ते तिथंच कुजतं. कुजताना निघणारा अमोनिया आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्याच धारेतून टँकमध्ये येत राहतात. आणि त्या धारेच्या तोंडाशीच दाढी उगवते. उरलेल्या टँकमध्ये पाणी धड फिरत नसल्यानं झाडांच्या पानांपर्यंत कार्बन डायऑक्साइड आणि खत पोचत नाही, झाडं मंदावतात, जुनी पानं कमकुवत होतात. सशक्त, वाढत्या पानावर दाढी क्वचित धरते. थकलेल्या पानाच्या कडेपासून सुरुवात करते.

ज्यांच्याकडे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आहे त्यांनी याच जोडीला आणखी एक तपासावं. हा वायू रोज सारखा मिळतोय ना? आज भरपूर, उद्या बाटली संपत आली म्हणून कमी, असं होत असेल तर दाढी त्याचा फायदा घेते असा झाडं लावणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. ड्रॉप चेकर (पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगावरून दाखवणारी छोटी कुपी) असेल तर दिवा लागतानाच तो हिरवा असायला हवा, दुपारी नव्हे. त्यासाठी वायू दिव्याच्या तास-दोन तास आधी सुरू करायचा.

मग मी काय बदललं

सगळं एकदम बदलू नका. एका वेळी एक, आणि मध्ये तीन आठवडे. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि शेवाळ गेलं तर कशानं गेलं ते कळत नाही, आणि वाढलं तर तेही कळत नाही. आधी असलेलं शेवाळ होईल तितकं हातानं काढून टाकायचं, तेवढाच अपवाद.

फिल्टर पहिला. दर तीन आठवड्यांनी स्पंज पिळायचा, दोन स्पंज असतील तर एकाच दिवशी दोन्ही नाही. महिन्यातून एकदा भांडं-घड्याळ.

दिवा दुसरा. मी तो हातानं लावत-बंद करत होते आणि मला वाटायचं की आठ तास चालतो. वही सांगत होती साडेदहा. टायमर लावला आणि सहा तासांवर आणलं. झाडं ठीक दिसली की दर दोन आठवड्यांनी अर्धा तास वाढवत न्यायचं, आणि शेवाळ डोकं वर काढेल तिथून अर्धा तास मागं यायचं. माझा टँक सात तासांवर स्थिरावला. तुमचा टँक खिडकीजवळ असेल तर एक दिवस सुट्टी काढून बघा, ऊन थेट पडतं का, किती वाजता, किती वेळ. सूर्य वर्षभर एकाच कोनातून येत नाही, त्यामुळे ठरावीक महिन्यांतच शेवाळ येत असेल तर संशय उन्हावर घ्या.

खाणं तिसरं. दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास, मोठ्या निरोगी माशांना त्यानं काहीही होत नाही. माझ्या घरात तीन माणसं आहेत आणि तिघंही माशांना प्रेमानं खाऊ घालत होती हेही वहीमुळेच कळलं. आता आठवड्याच्या खाण्याची छोटी डबी भरून ठेवते, ती संपली की संपली.

चौथं झाडं, आणि इथं मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. शेवाळ आलं म्हणजे पाण्यात खत जास्त झालं, म्हणून खत बंद करा, असं सर्रास सांगितलं जातं. शेवाळाला इतकं कमी खत पुरतं की त्याला उपाशी मारायच्या आधी तुमची झाडं उपाशी मरतात. एकोणिसाव्या शतकात शेतीच्या अभ्यासातून जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांच्या नावानं रूढ झालेला नियम इथंही लागू पडतो. झाडाची वाढ सगळ्यात कमी असलेल्या घटकावर अडते, बाकी सगळं कितीही असो. पोटॅशियम संपलं की नायट्रेट पडून राहतं, पानांना भोकं पडतात, पानं सडतात, आणि सडणारं पान हे दाढीचं आवडतं घर. मी झाडांच्या टँकमध्ये नायट्रेट लिटरला 10 ते 20 मिलिग्रॅम ठेवते. अमोनिया आणि नायट्राइट मात्र शून्यच हवेत. ते शून्य नसतील तर शेवाळ बाजूला ठेवा, आधी माशांचा जीव वाचवा.

आणि फक्त सावकाश वाढणारी झाडं ठेवू नका. अनुबियासचं एक पान कित्येक महिने तसंच असतं, त्यावर काहीही बसायला भरपूर वेळ मिळतो. मी हॉर्नवर्ट आणि वॉटर स्प्राइट सोडलं, वॉटर स्प्राइट नुसतं तरंगत ठेवलं. अमोनिया ही झाडं झपाट्यानं ओढतात आणि वरून सावलीही देतात. दर आठवड्याला मूठभर काढून टाकायचं. त्या मुठीबरोबर टँकमधलं खतही बाहेर जातं. दाढीनं भरलेली अनुबियासची पानं देठापाशी कापा. जीव तुटतो, पण ते पान परत स्वच्छ होत नाही.

मारायचं असेल तर

मूळ कारण हाताशी आल्यावर उरलेलं शेवाळ मारायला पेरॉक्साइड चांगलं, कारण ते शेवटी पाणी आणि ऑक्सिजन यांतच मोडतं. औषधाच्या दुकानात मिळणारं 3 टक्क्यांचंच घ्या, त्याहून तीव्र नको. फिल्टर आणि पंप बंद. सिरिंजनं थेट झुबक्यावर सावकाश सोडा, बुडबुडे येतील. दहा मिनिटांनी फिल्टर सुरू, आणि थोड्या वेळानं तिसरा हिस्सा पाणी बदला. एका दिवसात दर 4 लिटर प्रत्यक्ष पाण्यामागे 1 मिलिलिटरच्या पुढे मी जात नाही. माझ्या 45 लिटरला म्हणजे 11 मिलिलिटर, बस. एका दिवशी एकच भाग, दुसरा भाग दोन दिवसांनी. कोळंब्या, मॉस आणि नाजूक मासे असतील तर याच्याही निम्म्यानं सुरू करा आणि समोर बसून बघा. मासे वर येऊन श्वास घेऊ लागले तर लगेच निम्मं पाणी बदला. दगड, नळ्या, लाकूड यांच्यासाठी हे टँकमध्ये करूच नका. बाहेर काढून त्यावर पेरॉक्साइड लावा, थोड्या वेळानं घासा, भरपूर पाण्यानं धुऊन परत ठेवा.

दोन-तीन दिवसांत झुबके गुलाबी, मग पांढरट होतात. मेलेलं शेवाळ काढून टाका. ते तिथंच सोडलंत तर कुजून पुन्हा अमोनिया. पेरॉक्साइड आणि लिक्विड कार्बन एकाच वेळी घालू नका, आगीतून फुफाट्यात जाल.

हिरव्या पाण्यासाठी किंवा सायनोसाठी अंधार करायचा असेल तर तो पूर्ण करा. आधी निम्मं पाणी बदला, टँक जाड कापडानं सगळ्या बाजूंनी गुंडाळा, हवेचा पंप चालू ठेवा, तीन दिवस उघडून बघू नका, खाणं नको. उघडल्यावर पुन्हा निम्मं पाणी. काळ्या दाढीवर मात्र याचा फारसा उपयोग होत नाही, मी दोनदा करून पाहिलं.

मदतनीस

अमानो कोळंबी मला सगळ्यात भरवशाची वाटते. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं 1980च्या दशकात ती झाडांच्या टँकमध्ये शेवाळ आवरायला वापरली आणि त्यांच्या नावानंच ती ओळखली जाऊ लागली. धाग्याचं शेवाळ ती छान खाते. जिवंत दाढी ती फारशी खात नाही, पण पेरॉक्साइडनं मरून मऊ झालेली दाढी चाटूनपुसून साफ करते, म्हणून पाणी बदलून एक दिवस जाऊ दिला की तिला कामाला लावायचं.

जिवंत दाढी खाणारा मासा म्हणजे सयामी अल्गी इटर. घेताना त्याच नावाखाली भलतेच मासे मिळतात. खऱ्याच्या अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत जाते. ती पराच्या आधीच थांबत असेल, किंवा तोंड चोखणाऱ्या वाटीसारखं असेल, तर तो हा नव्हे. वाटीच्या तोंडाचा चायनीज अल्गी इटर मोठा झाला की भांडखोर होतो आणि शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगाला चिकटतो. खरा सयामीही 15 सेंटिमीटरच्या जवळ जातो आणि त्याला सोबत लागते, त्यामुळे माझ्यासारख्या लहान टँकमध्ये तो आणूच नये. प्लेकोचं तर नावच नको. दुकानात बोटाएवढा दिसणारा साधा प्लेको 30 सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, आणि तो जेवढं शेवाळ खाईल त्याहून जास्त घाण करेल. नेराइट गोगलगायी काच उत्तम ठेवतात, फक्त लाकडावर पांढरी टिकल्यांसारखी अंडी घालतात. गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे गोगलगायींनी टँक भरून जायची भीती नाही.

एवढं करूनही येत असेल

तर नळाचं पाणी तपासा. ग्लासभर पाणी चोवीस तास उघडं ठेवा आणि मग त्याचं नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. टँकमधले आकडे आणि हे आकडे जवळपास सारखेच निघाले, तर तुम्ही दर आठवड्याला पाणी बदलून फक्त भर घालताय. त्यावर काही भाग आरओचं पाणी मिसळणं हा मार्ग आहे, पण हळूहळू, दर आठवड्याला थोडं वाढवत, कारण पाण्याचा जडपणा अचानक उतरला तर मासे आणि कोळंब्या दोन्ही कोलमडतात.

वाळूखालचा गाळही बघा. नळी वाळूत खुपसली आणि तपकिरी ढग उठला, तर फिल्टर कितीही स्वच्छ असला तरी कुजवण खाली चालूच आहे. एका वेळी वाळूचा चौथा हिस्सा उपसा, पुढच्या आठवड्यात पुढचा.

आणि फोटो काढा. दर रविवारी, दिवा लागल्यावर एक तासानं, एकाच जागेवरून. रोज बघणाऱ्या डोळ्यांना कमी-जास्त कळत नाही. माझ्याकडे पहिल्या आठवड्याचा आणि चौदाव्या आठवड्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळलं, की लाकडाच्या डाव्या फांदीवरची दाढी वाढायची कधीच थांबली होती. ती अजून तिथं आहे, बोटभर, आणि तिच्यात रेड चेरी कोळंबीची पिल्लं लपतात म्हणून मी ती काढलेली नाही.